तीर्थाचे पाणी आणि यात्रेकरूची पिशवी

भीमा नदीचा उगम सह्याद्रीच्या माथ्यावर, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या श्रीक्षेत्र भीमाशंकर येथे होतो. तेथून सुमारे ८६० किलोमीटरचा प्रवास करून ती कर्नाटकात रायचूरच्या परिसरात कृष्णेस मिळते. या प्रवासात तिच्या व तिच्या उपनद्यांच्या काठी महाराष्ट्राच्या श्रद्धाजीवनाचा फार मोठा भाग वसलेला आहे. देहू आणि आळंदी इंद्रायणीकाठी आहेत व इंद्रायणी तुळापूर येथे भीमेस मिळते. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक प्रत्यक्ष भीमेच्या तीरावर, थेऊर मुळा-मुठेच्या, मोरगाव कऱ्हेच्या, तर ओझर आणि लेण्याद्री कुकडीच्या परिसरात आहेत. या सर्व नद्यांचे पाणी शेवटी भीमेतच येते. पंढरपूरला तिचे पात्र चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. पुढे कर्नाटकात तिच्याच काठी गाणगापूर आहे.

आळंदीहून निघालेली पालखी ज्या पंढरीस पायी जाते, त्याच पंढरीच्या दिशेने इंद्रायणीचे पाणीही वाहत जाते. वाटेत ते उजनीच्या जलाशयात थांबते आणि पुढे चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचते. म्हणजेच एका क्षेत्री पाण्यात सोडलेल्या वस्तूचा भार खालच्या क्षेत्रातील भाविकाच्या स्नानाच्या पाण्यावर पडतो. पर्यावरण रक्षणाचा विषय मोठा व गुंतागुंतीचा वाटतो. परंतु यात्रेकरूपुरते पाहिले तर त्याचा बराचसा भाग या एकाच गोष्टीत सामावलेला आहे. आपण घरून काय आणतो आणि क्षेत्री काय मागे ठेवून जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाणी कशाने बिघडते?

नदीच्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. मासे व इतर जलचर त्याच्यावरच जगतात. फुले, पाने, अन्न, मैला असे कुजणारे पदार्थ पाण्यात पडले की त्यांचे विघटन करणारे सूक्ष्म जीव हाच प्राणवायू वापरू लागतात. कुजणारा पदार्थ थोडा आणि पाणी वाहते असेल तर नदी हवेतून नवा प्राणवायू घेते व स्वतःला सावरते. पदार्थ फार आणि पाणी साचलेले असेल तर प्राणवायू संपतो, मासे मरतात, पाणी काळे पडते आणि दुर्गंधी सुटते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानायोग्य पाण्यात एका लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असावा लागतो. कुजणाऱ्या पदार्थांना लागणाऱ्या प्राणवायूची मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशीही अट आहे. येथे एक गोष्ट भाविकांनी अवश्य लक्षात घ्यावी. हा निकष स्नानाचा आहे, प्राशनाचा नव्हे. स्नानायोग्य पाण्यातही मैल्यातून येणाऱ्या जंतूंना काही प्रमाणात सूट दिलेली असते. पिण्याच्या पाण्यात ती मुळीच नसते. कावीळ, विषमज्वर, अतिसार हे रोग अशाच पाण्यातून पसरतात. म्हणून लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना नदीचे पाणी थेट पाजू नये. घरी नेण्यासाठी तीर्थ भरून घेतल्यास ते देवघरात पूजेपुरते ठेवावे.

नद्यांच्या प्रदूषणात सर्वांत मोठा वाटा शहरांच्या सांडपाण्याचा व कारखान्यांच्या दूषित पाण्याचा आहे, हे सत्य आहे. त्यावर उपाय करणे ही शासनाची, नगरपालिकांची व उद्योगांची जबाबदारी आहे आणि नागरिकांनी त्यांना त्याचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु घाटावर, मंदिरालगत, जेथे भाविक प्रत्यक्ष पाण्यात उतरतो, तेथील घाण बव्हंशी भाविकांच्याच हातून झालेली असते. ती थांबविण्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

निर्माल्य : पूर्वीचे आणि आजचे

देवास वाहिलेले फूल पायदळी येऊ नये, या आदरापोटी निर्माल्य पाण्यात सोडण्याची रूढी पडली. ज्या काळात ती पडली, त्या काळी ती निरुपद्रवी होती. फुले परसातली असत, हार सुती दोऱ्यात किंवा केळीच्या सोपात गुंफलेले असत. यात्रेकरू मोजके असत आणि नदी बारमाही वाहत असे. आज बहुतेक नद्यांवर धरणे आहेत. पावसाळा सरला की अनेक घाटांपुढे पाणी जवळजवळ स्थिर असते. हारात प्लास्टिकचा दोरा, जर, थर्मोकोलचे मणी, टाचण्या असतात, आणि हे सारे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाण्यात टाकले जाते.

एक साधा हिशेब करून पाहावा. एका भाविकाने केवळ १०० ग्रॅम फुले आणली आणि सणाच्या एका दिवशी १०,००० भाविक आले, तर त्या एका दिवसाचे निर्माल्य १,००० किलो, म्हणजे एक टन होते. एक टन फुले साचलेल्या पाण्यात कुजू लागली तर घाटाची काय अवस्था होईल, हे सांगावयास नको. गाठ मारलेल्या पिशवीतील निर्माल्याची तर आणखी दुर्दशा होते. पिशवीत हवा जात नाही, त्यामुळे फुले विघटित न होता सडतात. काही दिवसांनी ती पिशवी कोणा सफाई कामगाराला उघड्या हातांनी फोडावी लागते. आत टाचण्या, फुटक्या बांगड्या, काचेचे तुकडे, उदबत्तीच्या काड्या असतात. ज्या फुलांना पाय लागू नये म्हणून इतकी काळजी घेतली, ती वेचताना दुसऱ्याच्या हाताला जखम होते, याचा विचार सहसा केला जात नाही.

निर्माल्यास आदराने निरोप देण्याचे स्थान पाण्याप्रमाणे माती हेही आहे. पृथ्वी आणि जल ही दोन्ही पंचमहाभूतेच होत. अनेक घरांत निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी ठेवण्याची पद्धत होती व ती आजही दिसते. गंगाकाठी कानपूर येथे मंदिरांतील फुले गोळा करून त्यांच्यापासून उदबत्त्या तयार करण्याचा उद्योग उभा राहिला आहे. महाराष्ट्रातही अनेक नगरपालिका गणेशोत्सवात घाटांवर निर्माल्य कलश ठेवून त्याचे खत करतात. भाविकांनी या कलशात फक्त फुले, पाने, दूर्वा व बेल टाकावेत. दोरा, जर, प्लास्टिक, कापूर-उदबत्तीची वेष्टने व देवांची चित्रे असलेले कागद त्यात टाकू नयेत.

घरच्या निर्माल्याचे घरीच खत

घरातील रोजची पूजा, सत्यनारायण, गौरी-गणपती यांचे निर्माल्य साठवून यात्रेला जाताना नदीवर नेण्याची काही कुटुंबांत पद्धत आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे घरीच खत करता येते. सदनिकेच्या सज्जातही त्यास पुरेशी जागा मिळते.

१. तळाला व कडेला छिद्रे असलेली मातीची मोठी कुंडी किंवा जुनी बादली घ्यावी. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा किंवा वाळलेल्या पानांचा चार बोटे जाडीचा थर द्यावा.

२. निर्माल्यातील दोरे, टाचण्या, जर व कागद काढून टाकावेत. हार सोडवून फुले मोकळी करावीत. झेंडूसारखी भरगच्च फुले पाकळ्या करून टाकल्यास लवकर कुजतात.

३. ओल्या फुलांच्या प्रत्येक थरावर तेवढाच किंवा थोडा अधिक वाळलेल्या पानांचा थर द्यावा. हा कोरडा थर न दिल्यामुळेच बहुतेकांच्या कुंडीस वास येतो. वर मूठभर जुने खत किंवा बागेतील माती भुरभुरावी. आंबट ताक पाण्यात मिसळून थोडे शिंपडल्यास उत्तम.

४. दर तीन-चार दिवसांनी काठीने हलवावे, म्हणजे हवा खेळते. मिश्रण मुठीत दाबले असता ओलसर लागावे, परंतु पाणी गळू नये. पाणी सुटल्यास कोरडी पाने वाढवावीत, फार कोरडे पडल्यास पाणी शिंपडावे.

५. साधारण दोन ते तीन महिन्यांत फुले ओळखू येईनाशी होतात व पावसानंतरच्या मातीसारखा वास येऊ लागतो. खत तयार झाल्याची हीच खूण होय.

हे खत तुळशी वृंदावनात घालावे. देवाला वाहिलेले फूल पुन्हा तुळशीच्या मुळाशी जाते, याहून अधिक आदराचे विसर्जन शोधूनही सापडणार नाही. नारळाच्या करवंट्या मात्र या कुंडीत टाकू नयेत, त्या कुजण्यास फार काळ लागतो.

पिशवीचा प्रवास

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत अतिवृष्टी होऊन महापूर आला. पाण्याचा निचरा न होण्याची कारणे अनेक होती. त्यांपैकी गटारे व नाले यांत अडकलेल्या प्लास्टिक पिशव्या हे एक ठळक कारण मानले गेले. त्यानंतर २००६ साली महाराष्ट्रात पातळ पिशव्यांवर निर्बंध घालणारे नियम आले. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लास्टिक पिशव्या व थर्मोकोलच्या ताटवाट्या यांवर बंदी घोषित केली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, चमचे, ताटल्या, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरील पातळ वेष्टन अशा एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरीही दर्शनाच्या रांगेत आजही पातळ पिशवीतून हार-प्रसाद आणलेला दिसतो. मागणारा हात मागे झाला की देणारा हातही आपोआप थांबेल.

क्षेत्राच्या ठिकाणी या पिशवीचा सर्वांत दुर्दैवी बळी गाय ठरते. खारट-गोड वासाने ती उष्ट्यासह पिशवीही गिळते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात प्लास्टिक साचून राहते; ते पचत नाही आणि सहसा बाहेरही पडत नाही. त्यांचा गोळा वाढत जातो, जनावराचे खाणे सुटते आणि शस्त्रक्रिया झाली नाही तर ते तडफडून मरते. गायीला नैवेद्याचा घास पिशवीसकट टाकणाऱ्या भाविकाचा हेतू पुण्याचाच असतो. म्हणून घास हातावर अथवा पानावर द्यावा आणि पिशवी आपल्याजवळ ठेवावी.

पूर्वीच्या वारकऱ्याच्या पडशीत कापडी शिदोरी आणि फिरकीचा तांब्या असे. त्याच्या सामानात फेकून देण्यासारखे काही नसे. आजच्या यात्रेकरूने जुन्या साडीची वा धोतराची शिवलेली एक पिशवी, पाण्यासाठी धातूची बाटली, प्रसादासाठी एक लहान डबा आणि एक पेला एवढे सामान घरूनच बरोबर घेतले, तर क्षेत्री त्याला कचरा करण्याचे कारण उरत नाही. चौघांच्या कुटुंबाने तीन दिवसांच्या यात्रेत माणशी रोज दोन बाटल्या विकत घेतल्या, तर मागे २४ रिकाम्या बाटल्या राहतात. तेवढ्याच दिवसांत भरून घेतलेल्या चार बाटल्या मात्र घरी परत जातात.

अन्नदान, स्नान आणि विसर्जन

अन्नदान हे श्रेष्ठ दान होय. ते करताना थर्मोकोलच्या किंवा प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या ताटल्या वापरल्यास एका पंगतीनंतर न कुजणाऱ्या कचऱ्याचा ढीग उरतो. पळसाच्या अथवा वडाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण जनावरे खातात किंवा त्यांचे खत होते, आणि त्या लावणाऱ्या हातांना रोजगार मिळतो. जेथे भांडी धुण्यास पुरेसे पाणी व निचऱ्याची सोय आहे, तेथे स्टीलची ताटे सर्वांत उत्तम. वाढताना थोडे वाढावे, मागेल त्यास पुन्हा वाढावे. पानात टाकलेल्या भाताच्या प्रत्येक घासामागे शेतातले पाणी, खत, इंधन व कोणाचे तरी श्रम खर्च झालेले असतात.

नदीस्नान करताना साबण, शाम्पू, तेल व उटणे वापरू नये. घाटावर कपडे धुऊ नयेत. साबणाच्या चुऱ्यातील तसेच सांडपाण्यातील काही द्रव्ये पाण्यात खतासारखे काम करतात आणि जलपर्णी माजते. इंद्रायणी व पवना या नद्यांच्या पात्रांवर पसरणारा जलपर्णीचा हिरवा गालिचा अनेक यात्रेकरूंनी पाहिला असेल. तो दिसावयास सुंदर, परंतु त्याच्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि पाण्यातील प्राणवायू घटत जातो. मंगलस्नान निवासस्थानी बादलीभर पाण्यात उरकून नदीत केवळ बुडी घ्यावी. जुनी वस्त्रे पात्रात सोडण्याचा प्रघातही थांबावा. ती धुऊन गरजूस द्यावीत.

मूर्तीच्या बाबतीत शाडूची माती हा जुना व निर्दोष पर्याय होय. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, तळाशी साचते. त्यावरील रासायनिक रंग पाण्यात उतरतात. अशी मूर्ती घरी आणली असल्यास तिचे विसर्जन नदीत न करता कृत्रिम हौदात करावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती विरघळविण्याची पद्धत विकसित केली आहे. त्यातून खत म्हणून उपयोगी पडणारे अमोनियम सल्फेट मिळते. लहान धातूची मूर्ती कायमची ठेवून सुपारीच्या प्रतीकाचे विसर्जन करणे, हाही अनेक कुटुंबांनी स्वीकारलेला मार्ग आहे.

यात्रेनंतरचे घर

क्षेत्री पाळलेला नियम घरी मोडला तर त्याचा उपयोग थोडाच. घरचे सांडपाणी व कचराही अखेर कोणत्या तरी नदीच्या वाटेनेच जातो. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्यास २०१६ च्या नियमांनी सांगितले. तो एकत्र झाला की दोन्ही निरुपयोगी ठरतात. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, पिशवीलाच जोडलेला ठेवावा. पिशवी धुऊन भंगारवाल्याकडे देता येते, परंतु बोटाएवढा सुटा तुकडा कोणी वेचत नाही व तो थेट गटारात जातो. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतका प्रकाश सुमारे नऊ वॅटच्या एलईडी दिव्यातून मिळतो. देवघरातील माळेचे दिवे रात्रभर जळत ठेवण्याऐवजी सांजवातीपुरते लावावेत. या गोष्टी क्षुल्लक आहेत, पण त्या रोज घडतात.

देणगीदारांसाठी

शिर्डी येथील साईबाबा संस्थानाने २००९ साली प्रसादालयासाठी ७३ सौर तबकड्या बसवून सूर्याच्या उष्णतेने तयार झालेल्या वाफेवर अन्न शिजविण्याची व्यवस्था उभारली. देणगीचा विनियोग अशाही रीतीने होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. फरशी, कमान वा पायरीवर नाव कोरण्याबरोबरच ज्यांना काही वेगळे अर्पण करावयाचे असेल, त्यांनी निर्माल्य खताचे हौद, पिण्याच्या पाण्याची शुद्धीकरण यंत्रे, पंगतीसाठी स्टीलची ताटे, सौर दिवे, स्वच्छतागृहांची देखभाल, सफाई कामगारांसाठी हातमोजे व गमबूट यांचा विचार करावा. वृक्षारोपणासाठी देणगी देताना रोपासोबत किमान तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची व कुंपणाची तरतूद करावी. केवळ रोप लावल्याने वृक्ष होत नाही. वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, बेल, कदंब हे आपल्या मातीतले वृक्ष निवडावेत.

या विचाराची परंपरा नवी नाही. सह्याद्रीतील गावांनी देवाच्या नावाने राखलेल्या देवराया पिढ्यान् पिढ्या टिकल्या, कारण तेथील वाळलेली काटकीही घरी न्यावयाची नाही, असा अनेक ठिकाणी दंडक होता. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल शास्त्रीय जगापुढे मांडले. भीमेचा उगमही अशाच जंगलात आहे आणि राज्यप्राणी शेकरू तेथे आजही आढळतो. संत गाडगे महाराज गावात आले की आधी हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत. मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी यात्रेकरूंसाठी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा बांधविल्या. महाराष्ट्र शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव देण्यात आले.

भाविकांनी पाळावयाचे पाच नियम

१. कापडी पिशवी, पाण्याची बाटली, डबा व पेला घरून आणावा.

२. हार-फुले मोजकी घ्यावीत, सुती दोऱ्यातील घ्यावीत. प्लास्टिकची पिशवी नम्रपणे नाकारावी.

३. निर्माल्य दोरे व टाचण्या काढून कलशात टाकावे. घरचे निर्माल्य घरीच मातीस द्यावे.

४. नदीत साबण, वस्त्रे, अन्न, दिव्यांचे द्रोण व नाणी सोडू नयेत. नाणे दानपेटीत टाकावे.

५. बरोबर आणलेली प्रत्येक वेष्टनवस्तू आपल्यासोबत परत न्यावी.

दर्शन घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूच्या मागून दुसऱ्या दिवशी दुसरा यात्रेकरू त्याच पायऱ्यांवरून पाण्यात उतरणार असतो. त्याची ओळख नसते, भेटही होत नाही. त्याला स्वच्छ पाणी मिळावे, एवढी काळजी प्रत्येकाने वाहिली तरी या क्षेत्रांचे पुष्कळ काम होईल. सर्व भाविकांनी या कार्यास हातभार लावावा, ही नम्र विनंती.